चार जीबी रॅमच्या मशीनवर स्वॅप कसं सांभाळायचं

लिनक्सवर काम करताना मशीन एकाएकी जड झालं, माउसचा बाण अडखळायला लागला, हार्डडिस्कचा दिवा विझायचं नाव घेईना, की बहुतेक वेळा रॅम संपलेली असते आणि सगळा भार स्वॅपवर, म्हणजे मेमरीसाठी डिस्कवर राखलेल्या जागेवर, आलेला असतो. लोक घाबरून बटण दाबतात, मशीन बंद होतं आणि सेव्ह न केलेलं काम जातं. गोव्यात डिचोलीत माझं डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका, देवस्थानांच्या पत्रिका, उत्सवी नाटकांची हस्तपत्रकं यांची गर्दी उडते, आणि नेमकी तेव्हाच मशीनं हँग झाल्याची तक्रार घेऊन माणसं येतात. आपल्या शाळांतून, वाचनालयांतून, घरांतून चार जीबी रॅमची मशीनं अजून भरपूर आहेत. ती भंगारात घालण्यासारखी मुळीच नाहीत. स्वॅप नीट लावलं तर त्यांवर मराठी टायपिंग, पीडीएफ, ईमेल, थोडंफार डिझाइन सुखाने होतं.

सांगायची मुख्य गोष्ट आधीच सांगते. स्वॅप किती भरलंय यावरून काहीच ठरवू नका. रॅम आणि स्वॅप यांच्यात दर सेकंदाला किती ये-जा चालली आहे, ते बघून ठरवा.

खालच्या आज्ञा मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे. आकडे इंग्रजीच. रेघा, तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा जशा दिसतात तशाच ठेवायच्या.

स्वॅप म्हणजे काय

लिनक्स मेमरीचे छोटे तुकडे पाडून हिशेब ठेवतो. साध्या पीसीवर एक तुकडा, म्हणजे एक पान, ४०९६ बाइटचं असतं. जी पानं बराच वेळ कुणी मागितली नाहीत, ती डिस्कवर नेऊन ठेवण्याची जागा म्हणजे स्वॅप. आपल्याकडे पावसाळ्याआधी पुरुमेंत भरतात: मीठ, सोलं, चिंच, सुकी मासळी, सगळं कोठीच्या खोलीत. कोठी भरलेली असणं ही चांगलीच गोष्ट. पण दर फोडणीला चिमूटभर मिठासाठी कोठीत धावावं लागलं तर जेवण वेळेवर होणार नाही. मशीन हँग होतं ते या धावपळीमुळे.

वेगाचा फरक किती, तेही लक्षात असू द्या. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवरून) सुमारे १०० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या हार्डडिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे हार्डडिस्क रॅमपेक्षा लाखभर पटींनी सावकाश. म्हणून स्वॅप वाढवलं की रॅम वाढली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पण याच्या उलटा सल्लाही तितकाच घातक आहे: "स्वॅप बंद करून टाका, मशीन पळेल." नाही पळत. रॅममध्ये दोन तऱ्हेची पानं असतात. एक, ज्यांची मूळ प्रत डिस्कवर आधीच आहे: प्रोग्रामचा कोड, उघडलेल्या फाइलींचा वाचलेला भाग. दुसरी, ज्यांची प्रत कुठेच नाही: तुम्ही आत्ता टाइप केलेला मजकूर, ब्राउझरच्या टॅबमधलं पान, डिझाइनमधले थर. स्वॅप नसेल तर दुसऱ्या प्रकारची पानं हलवायला जागाच उरत नाही. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पहिल्या प्रकारची पानं फेकून देतो आणि लागली की डिस्कवरून पुन्हा वाचतो. लिबरऑफिसचा कोडच असा सारखा फेकला आणि वाचला गेला की हार्डडिस्कचा दिवा तसाच पेटलेला राहतो, स्वॅप शून्य असूनसुद्धा. शेवटी काहीच मोकळं करता येईना की कर्नल एखादा प्रोग्राम सरळ मारून टाकतो. तो बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारा असतो, म्हणजे नेमका तुम्ही ज्यात काम करत होता तोच.

आधी बघा, मग हात लावा

पहिली आज्ञा:

फ्री -एच

वरच्या ओळीत रॅम, खालच्या ओळीत स्वॅप. वरच्या ओळीतला ‘फ्री’चा रकाना बघून छाती दडपून घेऊ नका. लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या साठ्यासाठी वापरतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. बघायचा तो शेवटचा रकाना, ‘अव्हेलेबल’. तो काहीशे एमबीच्या खाली सतत राहत असेल तर मशीन खरंच तंगीत आहे.

स्वॅप कुठे आहे आणि किती आहे हे यात कळतं:

स्वॅपऑन --शो

उत्तर रिकामं आलं तर स्वॅप नाहीच. उबुंटूने १७.०४ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये वेगळ्या पार्टिशनऐवजी (डिस्कच्या वेगळ्या तोडलेल्या भागाऐवजी) स्वॅपची फाइल द्यायला सुरुवात केली, त्यामुळे तुमच्याकडे ती आधीपासून असू शकेल. तिचं नाव आणि आकार कागदावर लिहून ठेवा. पुढे लागेल.

आता खरी तपासणी:

व्हीएमस्टॅट १

दर सेकंदाला एक ओळ येत राहते. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. मधले दोन रकाने शोधा, ‘एसआय’ आणि ‘एसओ’. पहिला म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये दर सेकंदाला किती केबी आलं, दुसरा म्हणजे किती बाहेर गेलं. उजवीकडे शेवटाकडे ‘डब्ल्यूए’ आहे. प्रोसेसर डिस्कची वाट बघत किती टक्के वेळ बसून आहे, ते त्यात दिसतं.

साखळी गावचे एक निवृत्त मास्तर जुन्या संगीत नाटकांच्या हस्तलिखित वह्या टाइप करून ठेवतात. त्यांच्या मशीनवर स्वॅप जवळजवळ एक जीबी भरलेलं दिसायचं आणि ते त्याने हैराण व्हायचे. व्हीएमस्टॅट लावून बसलो. टायपिंग चालू असताना दोन्ही रकाने शून्य, ओळीमागून ओळ शून्य. म्हणजे ते एक जीबी सकाळपासून न लागलेल्या गोष्टींचं होतं, आणि ते तिकडे गेल्यामुळेच टायपिंगला रॅम मोकळी मिळत होती. मग त्यांनी वहीच्या स्कॅनची मोठी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली. एसआय हजारांवर गेलं, एसओ त्याच्या मागोमाग, डब्ल्यूए साठाच्या पुढे, आणि पडद्यावरची अक्षरं थिजली. "बाय, आता काय बंद करू?" त्यांनी विचारलं. बंद करायचा होता तो ब्राउझर. तीच पीडीएफ साध्या वाचकात, म्हणजे एव्हिन्समध्ये उघडली आणि दोन्ही रकाने थोड्या वेळात पुन्हा शून्यावर आले. स्वॅपला हातही लावावा लागला नाही.

म्हणून व्हीएमस्टॅट लावून आपलं रोजचं काम करा. अधूनमधून आकडा उसळला आणि खाली आला तर ठीक. मिनिटभर दोन्ही रकाने सतत भरलेले राहिले तर पुढचं वाचा.

किती स्वॅप ठेवावं

रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम फार महाग होती त्या काळातला आहे, तो सोडा. माझा हिशेब असा: चार जीबी रॅमला चार जीबी स्वॅप. आठ जीबीलाही चारच. सोळा जीबी असेल तर दोन ते चार, तेवढं सुरक्षेपुरतं. हायबरनेट (चालू काम डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद करणं) वापरत असाल तर मात्र स्वॅप रॅमएवढं तरी हवं, कारण मशीन झोपताना रॅममधला मजकूर तिथेच उतरवला जातो. हार्डडिस्कवर दहा-बारा जीबी स्वॅप देऊन ठेवण्याला माझा विरोध आहे. रॅमच्या कितीतरी पट पानं डिस्कवर गेली तर मशीन मरत नाही, पण जगल्यासारखंही राहत नाही. त्यापेक्षा एक टॅब बंद पडलेला बरा.

स्वॅपची फाइल करणं

डिस्कवर जागा किती आणि फाइलसिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) कोणती, हे आधी:

डीएफ -टीएच /

इथे ‘टी’ मोठं, ‘एच’ छोटं. ‘ईएक्सटी४’ दिसलं तर खालची रीत चालते. ‘बीटीआरएफएस’ दिसलं तर थांबा. तिथे साधी फाइल चालत नाही, ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम एमकेस्वॅपफाइल’ ही वेगळी आज्ञा वापरून स्वतंत्र सबव्हॉल्यूममध्ये करावी लागते.

आता चार जीबीची फाइल. आज्ञेआधीचं ‘सुडो’ म्हणजे ती मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवणं:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=४०९६ स्टेटस=प्रोग्रेस

‘१एम’मधला ‘एम’ मोठा. ‘ओएफ’ म्हणजे कुठे लिहायचं. इथे चुकून डिस्कचं नाव पडलं तर डिस्क पुसली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी ही ओळ मोठ्याने वाचा. या नावाची फाइल आधीच असेल (मघाशी कागदावर लिहिलंय ते बघा) तर नवं नाव द्या, ‘/स्वॅपफाइल२’ असं, आणि पुढच्या सगळ्या आज्ञांत तेच लिहा. एफअ‍ॅलोकेट नावाची झटपट आज्ञाही आहे, पण काही फाइलसिस्टिमवर तिने केलेली फाइल स्वॅपला चालत नाही. डीडीला वेळ लागतो, पण ती खरोखर प्रत्येक बाइट लिहिते. हार्डडिस्कवर पेलाभर चहा होईल एवढा वेळ धरून चाला.

मग फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून:

सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल

ही पायरी गाळू नका. रॅममध्ये होतं ते सगळं इथे येऊ शकतं: पासवर्ड, गिऱ्हाइकाच्या अर्जातला आधार क्रमांक, अर्धवट पत्र.

सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल

उत्तरात ४ जीआयबी आणि कंसात ४२९४९६३२०० बाइट असा आकडा येईल. पूर्ण चार जीबी म्हणजे ४२९४९६७२९६. उणे पडले ते बरोबर ४०९६, एक पान. त्या पहिल्या पानावर एमकेस्वॅप आपली खूण कोरतो: पानाच्या अगदी शेवटच्या दहा बाइटांत ‘स्वॅपस्पेस२’ अशी दहा इंग्रजी अक्षरं. ती वाचूनच कर्नलला ही जागा स्वॅपची आहे हे कळतं. ही खूण नसलेली फाइल स्वॅपऑन नाकारतो.

सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

स्वॅपऑन --शो देऊन बघा, दिसायला हवी. पण मशीन बंद केलं की ही जोडणी जाते. कायम राहण्यासाठी ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलीत एक ओळ घालायची. आधी तिची प्रत काढा:

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी

(‘जुनी’च्या जागी इंग्रजीत काहीही लिहा.) मग ‘सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब’ने उघडून शेवटी नवी ओळ:

/स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०

सहा गोष्टी, मधे मोकळ्या जागा. ‘नन’ म्हणजे ‘काही नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, एन-ओ-एन-ई. बाकीच्या ओळींना हात लावू नका. त्यांतली एखादी बिघडली तर मशीन सुरूच होणार नाही. सेव्ह केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ द्या, ती ओळींतल्या चुका दाखवते. मग एकदा रीस्टार्ट करून पुन्हा बघा.

मधेच वीज जाण्याचा प्रश्न इथे सगळ्यांना आहे, जून ते सप्टेंबर तर बोलायलाच नको. स्वॅपवर असताना वीज गेली तर स्वॅपचं नुकसान काही नसतं. मशीन सुरू झालं की कर्नल ती जागा कोरी समजून वापरतो. नुकसान सेव्ह न केलेल्या कामाचं आणि डिस्कचं. लिबरऑफिसची आपोआप नोंद पाच मिनिटांवर आणून ठेवा, आणि डीडी चालवायचं ते यूपीएस असताना.

वाढवायचं किंवा काढायचं असेल तर

आहे ती फाइल ताणत बसू नका. वेगळ्या नावाने दुसरी करा, ती सुरू करा, मग जुनी बंद करा. या क्रमाला कारण आहे. ‘सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाइल’ म्हटलं की तिच्यातलं सगळं परत रॅममध्ये किंवा दुसऱ्या स्वॅपमध्ये बसवावं लागतं. जागा नसेल तर आज्ञा फसते, किंवा तंगीतलं मशीन आणखी तंगीत जातं. हार्डडिस्कवर याला चांगलाच वेळ लागतो. टर्मिनल गप्प दिसलं तरी ते काम करत असतं, खिडकी बंद करू नका. झाल्यावर एफएसटॅबमधली जुनी ओळ काढा, आणि मगच फाइल पुसा.

स्वॅपीनेसचा आकडा

‘व्हीएम.स्वॅपीनेस’ हे कर्नलचं एक सेटिंग आहे, त्याची नेहमीची किंमत ६०. याचा अर्थ रॅम ६० किंवा ४० टक्के भरली की स्वॅप सुरू होतं, असा अजिबात नाही. मघाशी दोन तऱ्हेची पानं सांगितली. जागा हवी असेल तेव्हा त्यांतली कोणती आधी काढायची, याचं ते झुकतं माप आहे. आकडा कमी केला की फाइलींची पानं जास्त फेकली जातात, वाढवला की दुसऱ्या तऱ्हेची, प्रत नसलेली पानं जास्त स्वॅपमध्ये जातात. १०० म्हणजे दोन्हींचा खर्च सारखा. हार्डडिस्कवर मी ६० तसंच ठेवते. एक किंवा शून्य करा असा सल्ला सर्रास मिळतो, पण चार जीबीच्या मशीनवर त्याने प्रोग्रामचा कोड बाहेर फेकला जातो आणि मेनू उघडायलाही वेळ लागतो.

झेडरॅम: जुन्या मशीनचं खरं औषध

हार्डडिस्कचंच मशीन असेल तर सर्वांत जास्त फरक इथे पडतो. झेडरॅम रॅमचाच एक भाग घेतो आणि त्यात पानं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवतो. पानं डिस्कवर जातच नाहीत. मजकूर, ब्राउझरची पानं असल्या गोष्टी दाबून निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत बसतात. आधीच दाबलेले फोटो आणि व्हिडिओ बसत नाहीत. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण दोन कोअरचा जुना प्रोसेसरही डिस्कपेक्षा कितीतरी आधी ते उरकतो. ही सोय कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीपासून, २०१४ पासून, मुख्य शाखेत आहे, आणि फेडोराने ३३ व्या आवृत्तीत, २०२० साली, ती सगळ्यांना आपोआप दिली.

डेबियन आणि उबुंटूवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स

मग ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ ही फाइल उघडा. ‘अल्गो’ची ओळ एलझेड४ ठेवा, कमजोर प्रोसेसरला तेच बरं. ‘पर्सेंट’ची ओळ ५०. दोन्ही ओळींच्या आधीचं जाळीचं चिन्ह (#) काढायला विसरू नका, नाहीतर त्या वाचल्याच जात नाहीत. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट झेडरॅमस्वॅप’.

स्वॅपऑन --शोमध्ये आता दोन ओळी दिसतील. शेवटचा रकाना ‘प्रायो’ म्हणजे प्राधान्य. मोठा आकडा आधी वापरला जातो. झेडरॅमचा आकडा डिस्कवरच्या फाइलीपेक्षा मोठा असायलाच हवा. एवढं एकदा डोळ्यांनी बघून घ्या. डिस्कवरची फाइल काढू नका, झेडरॅम भरलं तर ती मागे उभी असते. झेडरॅम लावलं असेल तरच स्वॅपीनेस १०० किंवा त्याच्या वर नेणं योग्य ठरतं, कारण आता स्वॅपमधून आणणं डिस्कवरून फाइल वाचण्यापेक्षा स्वस्त झालं. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी’ या फोल्डरमध्ये (एस-वाय-एस-सी-टी-एल, मग टिंब आणि डी) ‘९९-स्वॅप.कॉन्फ’ नावाची फाइल करून त्यात लिहा:

व्हीएम.स्वॅपीनेस=१००

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

तिथे हेच काम ‘पेजफाइल.सिस’ करते. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण असू द्या आणि सी ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबी कायम मोकळे ठेवा, म्हणजे तिला वाढायला जागा राहते. सी ड्राइव्ह तुडुंब भरलेला असतो, म्हणूनच मेमरी कमी असल्याचा इशारा बरेचदा येतो. याहून जास्त खटपट करू नका.

एवढं करूनही एसआय-एसओ थांबत नसेल तर

टॉप ही आज्ञा देऊन मोठं ‘एम’ दाबा. जास्त रॅम खाणारे वर येतात. बहुतेक वेळा ब्राउझर असतो. त्यानंतर उपाय रॅमचाच. जुन्या लॅपटॉपला चार जीबीची वापरलेली डीडीआर३ पट्टी घालून घेणं अजून परवडतं, फक्त १.३५ व्होल्टची की १.५ ची, हे जुनी पट्टी काढून वाचून मगच घ्या. आणि पट्टी काढलीच आहे तर तिचे पिवळे संपर्क पेन्सिलच्या रबराने हलकेच पुसा. आपल्या दमट हवेत त्यांवर पुटं चढतात.

स्वॅप डिस्कवर असेल तर डिस्कची तब्येतही बघायला हवी. खराब सेक्टरवरचं पान परत वाचता आलं नाही तर चालू प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो आणि लोक दोष लिबरऑफिसला देतात. ‘स्मार्टमॉनटूल्स’ इन्स्टॉल करून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ द्या. इथला ‘ए’ मोठा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’ या ओळींच्या शेवटी शून्य असावं. आकडे वाढत चालले असतील तर स्वॅपचा विचार सोडा, त्याच दिवशी सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढा.

अशी डिस्क बदलल्यावर जुनी भंगारवाल्याकडे द्यायच्या आधी पुसायची. स्वॅपमध्ये राहिलेले तुकडे फाइली डिलीट केल्याने जात नाहीत. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा, ‘एलएसबीएलके’ देऊन आकारावरून तिचं नाव ओळखा, ते एसडीबी असेल तर:

सुडो श्रेड -व्ही -एन १ /डेव्ह/एसडीबी

ही आज्ञा फिरत्या हार्डडिस्कसाठी. एसएसडीवर ती पुरत नाही. तिथे डिस्क बनवणाऱ्यांनी दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची सोय वापरायची.